वहिनी, त्या दिवशी भट्टी बंद होती

वहिनी, तुम्हाला माती दिली त्या दिवशी मी भट्टी बंद ठेवली होती.

हे एक वाक्य लिहायला मला कितीदा तरी बसावं लागलं. उस्मानाबादच्या एका साप्ताहिकाचा माणूस येऊन गेला. दीर या नात्यानं दोन शब्द द्या म्हणाला. जन्म, माहेर, लग्न, खव्याचा धंदा, निवडणूक, लोकसभा, सगळं त्याला क्रमानं हवं होतं. म्हटलं, देतो. कागद घेऊन बसलो आणि 'कर्तृत्वाचा दीपस्तंभ' असलं काहीतरी लिहून मोकळा झालो. तेवढ्यात मागच्या दारानं वारा आला आणि त्याच्याबरोबर नालीतल्या नासक्या दुधाचा वास. तो कागद मी फाडून टाकला. आता लिहितोय ते त्याला द्यायचं की नाही हे शेवटी बघू. आधी तुम्हाला सांगायचं आहे.

तुम्ही पहाटे गेलात. उजाडेपर्यंत तुम्हाला अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं सोप्यात मांडी घालून बसवलं होतं. मठातले स्वामी आले. आपल्या ईट गावातले आणि आसपासचे सगळे खव्याचे भट्टीवाले आले. कधी आपल्या दारात न आलेली मोठी माणसं जीपमधून आली. अशी माणसं दारात आली की आपणही काहीतरी मोठं करावं असं वाटायला लागतं. मी ओट्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "आज आपल्या भागातली एकही भट्टी पेटणार न्हाय. खासदारांचा मान हाय." माणसं सायकलवर गावोगाव पिटाळली. सगळ्या भट्ट्यांना कुलपं लागली. "दिरानं भावजयीचा मान राखला," असं लोक एकमेकांना सांगत होते आणि ते माझ्या कानावर पडत होतं. तुमच्या शेजारी उभं राहून मला ते ऐकायला बरं वाटलं, वहिनी. हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही गेल्याचं वाड्यावस्त्यांवर कुणाला माहीत नव्हतं. बायकांनी नेहमीसारख्या पहाटे म्हशी पिळल्या आणि दुधाच्या कासांड्या डोक्यावर घेऊन त्या निघाल्या. भट्टीच्या दारात मी माणूस उभा केलेला. तो प्रत्येकीला सांगायचा, "आज न्हाय." तुम्ही गेल्याचं कळल्यावर त्या रडल्या, आणि तिथंच थांबल्या. माती झाली की भट्टी उघडेल, असं त्यांना वाटलं. बाईच्या भट्टीवर दूध परत जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ऊन चढत गेलं. चैत्रातलं ऊन, तुम्हाला काय सांगायचं! आम्ही तुम्हाला ठेवून परत आलो तेव्हा भट्टीमागची नाली पांढरी झालेली होती आणि बायका रिकाम्या कासांड्या घेऊन निघून गेलेल्या होत्या.

तुमच्या दुखवट्याला येणारा माणूस आता नाकाला उपरणं लावून आत येतो.

मला दादा गेले तो दिवस आठवतो. तेव्हा निजामाचं राज्य होतं, मी हैदराबादेतलं शिक्षण अर्धवट टाकून घरी आलो होतो, आणि माझ्या हातांना उलथण्याचा एकही फोड आलेला नव्हता. तुम्ही नळदुर्गाकडच्या, अर्ध्या कानडी. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. दादांना सोप्यात बसवलेलं, घरभर रडारड, आणि तुम्ही मात्र कान देऊन बाहेरचं काहीतरी ऐकत होता. बाहेर दूधवाल्या बाया येऊन कुजबुजत होत्या, परत जावं का थांबावं म्हणून. तुम्ही उठलात आणि सरपण घालून भट्टी पेटवलीत. आमची आई किंचाळली, "अगं, घरात मढं आन् तू सुतकात भट्टी पेटवतीस व्हय?" तुम्ही पदरानं तोंड पुसलंत आणि म्हणालात, "आपल्यात सुतक न्हाय पाळत, अत्याबाई. आन् म्हशी तर आपल्याच धर्माच्या हायत."

आई मरेपर्यंत हे वाक्य सगळ्यांना ऐकवत राहिली. सुरुवातीला रागानं, नंतर नंतर कौतुकानं.

कढईसमोर तुम्ही बसलात. दूध आटायला लागलं की हात थांबवता येत नाही. क्षणभर थांबला तर ते बुडाला लागतं आणि सगळी कढई करपते. म्हणून आपल्या भट्टीचा नेम असा, की उठायचं असेल त्यानं विचारायचं, "धरता का?" दुसऱ्यानं येऊन उलथणं हातात घ्यायचं आणि म्हणायचं, "धरलं." ते ऐकल्याशिवाय पहिल्यानं सोडायचं नाही. त्या दिवशी दादांच्या पायावर डोकं ठेवायला तुम्हाला उठायचं होतं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "भाऊजी, धरता का?" मी धरलं. मला उलथणं नीट फिरवता येईना, दूध कडेनं उतू जात होतं. तुम्ही पाया पडून आलात, माझ्या हातातलं उलथणं घेतलंत आणि म्हणालात, "जावा आता, खांदा द्या. रडायचं असंल तर तिकडं रडा, हितं दुधात पडंल."

धंदा तुम्ही वाढवला. पाटीवर नाव मात्र माझं. तेव्हा तसंच असायचं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बार्शी इंग्रजांकडं, म्हणजे तेव्हा परमुलूख. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. नाक्यावरचा माणूस मालात बोट घालून चव घ्यायचा, आणि त्याची चव घेऊन होईपर्यंत खवा आंबायला टेकायचा. हैदराबादचं विलीनीकरण झालं, नाका उठला, आणि गावात लोक मिठाया वाटत असताना तुम्ही बैलगाडी जुंपायला लावलीत. "आज नाक्यावर कुनी न्हाय," म्हणालात, "आज माल ताजा पोचंल." स्वातंत्र्य म्हणजे काय ते मला भाषणांतून कळलं. तुम्हाला ते बार्शीच्या रस्त्यावर कळलं. पुढं आपला खवा बार्शीहून छोट्या आगगाडीनं कुठं कुठं जायला लागला. गावोगावच्या बायकांनी म्हशी वाढवल्या, कारण दूध घेणारी एक बाई बसलेली होती.

महाराष्ट्र झाल्यानंतरच्या निवडणुकीला पक्षाची माणसं आली, ती माझ्याकडं. मी गादीवर बसलेलो. तुम्ही दाराआड. त्यांना या जागेवर बाई उभी करायची होती. खरं सांगायचं तर जागा पडणारी होती आणि पडणाऱ्या जागेला पुरुष मिळत नव्हता. मी म्हणालो, "आमच्या वहिनी हायत की." तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. पडल्या तर पडल्या, मोठ्या माणसांत आपलं नाव होईल, असा माझा हिशेब. तुम्ही आतून एवढंच विचारलंत, "प्रचाराला गाडी मिळंल का? मला समद्या वस्त्या बघायच्या हायत." म्हशींच्या वस्त्या, असं तुम्हाला म्हणायचं होतं, हे त्या बिचाऱ्यांना कळलं नाही.

तुमचा प्रचार आठवला की अजून हसू येतं. प्रत्येक गाव तुम्ही दुधावरून ओळखायचात. एका सभेत तुम्ही मतं मागायला उभ्या राहिलात आणि म्हणालात, "तुमच्या गावचं दूध आमच्या भट्टीवर येतं. त्यात पानी घालता. आदी ते बंद करा." पक्षाच्या पुढाऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. सभेतल्या बायका मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि त्यांनीच तुम्हाला निवडून दिलं. निकालाच्या दिवशी मी तेरखेड्याहून शोभेची दारू मागवली. गाडीभर आली. तुम्ही ती उतरवूच दिली नाहीत. "एक बाण उडाला तर म्हशी बुजत्याल, सकाळी एक पान्हा सोडायची न्हाय," म्हणालात. खासदारबाई निवडून आल्या आणि गावात एक फटाका वाजला नाही. आजूबाजूच्या गावांनी आमची टर उडवली. मला तेव्हाही तुमची लाज वाटली होती.

तुमची लाज मला बरेचदा वाटली. लोकसभेत तुम्ही पहिल्यांदा बोललात ते दख्खनी उर्दूत. "हमारे उधर धूपकाले में दूध फट जाता, साब. उसकू ठंडा करने का मशीन होना." सुट्टीला आल्यावर तुम्ही हे ओसरीवर बसून साऱ्यांना सांगत होता. मी शिकलेला, माझी उर्दू बरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं, "हसले असत्याल ना?" तुम्ही म्हणालात, "लई हसले, तम्मा. हसून झाल्यावर ऐकलं पन त्येंनी." लाडात आलात की तुम्ही मला तुमच्या माहेरच्या भाषेत तम्मा म्हणायचात, धाकटा भाऊ. आणि हा तम्मा बाजारात सांगत सुटला, की वहिनींनी शुद्ध हिंदीत भाषण ठोकलं.

तुम्ही दिल्लीत असायचात तेव्हा इथं लोक शिफारशी मागायला माझ्याकडं यायचे आणि मला खासदारसाहेब म्हणायचे. मी कुणाला अडवलं नाही. एकदा तुम्ही अचानक आलात आणि कुणीतरी मला तुमच्यासमोरच साहेब म्हटलं. तुम्ही चुलीवरचा चहा गाळत होता. "साहेबांना साखर जादा लागती," असं म्हणून माझ्या कपात अजून एक चमचा घातलात. बस, एवढंच.

दिल्लीहून तुम्ही एकच वस्तू आणलीत, ती दुधाची रिकामी काचेची बाटली. तिथं सरकारी दूध बाटलीतून मिळतं. त्यासाठी पहाटे रांग लागते आणि त्या रांगेत मोठा अधिकारी आणि झाडूवाली एकामागं एक उभी असतात, असं तुम्ही सांगायचात. तुम्हीही त्यात उभ्या राहायचात. मी म्हणालो, "खासदार आन् रांगेत? मानूस न्हाय व्हय कुनी घरात?" तुम्ही म्हणालात, "जल्मभर मी कढईच्या अल्याड बसले. पल्याडनं कसं दिसतं ते बघायचं हुतं." ती बाटली भट्टीतल्या कोनाड्यात ठेवलीत. अजून तिथंच आहे.

त्या बाटलीपासूनच आपलं भांडण सुरू झालं.

तुम्हाला इथं दूध थंड ठेवायचं सरकारी केंद्र आणायचं होतं. गावात वीज येणार असं ठरलं, तेव्हा तुम्ही मुंबईला खेटे घातलेत, कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेत. केंद्र मंजूर व्हायच्या बेतात आलं. अडलं ते जागेवर. सडकेच्या कडेची आपली मोकळी जागा सगळ्यांत सोयीची. ती माझ्या नावावर. दादांच्या मागं सगळंच माझ्या नावावर आलं होतं. तुम्ही कढईसमोर बसला होता आणि मी दारात उभा होतो. अजूनही तो प्रत्येक शब्द मला ऐकू येतो.

"भाऊजी, सडकंची जागा केंद्राला द्या. तुमच्या नावावर हाय म्हनून इचारतीया."

"वहिनी, तुमी आपल्याच पोटावर पाय देताय. केंद्र आलं की आपल्या दारात दूध कोन आननार?"

"चांगला भाव दिला तर आनत्याल की."

"आन् आजपातूर त्येंचं दूध कुनी घेतलं? आपनच ना? एक दिस तरी नासू दिलं का?"

"न्हाय दिलं. पन ज्या दिवशी आपल्याला घ्यायचं नसंल, त्या दिवशी त्येंनी कुठं जायचं?"

"असा दिस या भट्टीवर आला न्हाय, आन् मी जित्ता हाय तवर यायचा न्हाय!"

तुम्ही कढईकडं वळलात. उलथणं फिरत राहिलं. मला वाटलं, मी जिंकलो. सगळ्या भट्टीवाल्यांना मी हे रंगवून रंगवून सांगितलं. खासदारबाईंना निरुत्तर केलं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. तुम्ही निरुत्तर झाला नव्हता, वहिनी. तो दिवस आला तेव्हा मी जिवंत होतो, भट्टीचं कुलूप माझ्या हातानं लावलेलं होतं, आणि तेही तुमच्या मानासाठी.

पायाला सूज आली, धाप लागायला लागली, तेव्हा अधिवेशन अर्धवट सोडून तुम्ही घरी आलात. दवाखान्यात राहा म्हटलं तर ऐकलं नाहीत. खाट भट्टीकडच्या खिडकीला लावायला सांगितलीत. जायच्या आदल्या दिवशी मी उशाशी बसलो होतो. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "भाऊजी, धरता का?"

तुम्ही कशाबद्दल विचारताय ते मला स्पष्ट कळलं होतं. आजारी माणूस बरळतंय असं मी स्वतःला सांगून पाहिलं, पण तुम्ही काही बरळत नव्हता. मी म्हणालो, "आदी बऱ्या व्हा. मग बघू." तुम्ही हसलात. कुणी पाणी घातलेलं दूध घेऊन आलं, की त्याच्याकडं बघून हसायचात तसंच. मग डोळे मिटलेत. एक शब्द म्हणायचा होता मला. खोटा का होईना, म्हणायला हवा होता. पण खोटा शब्द तुम्हाला लगेच कळला असता.

आणि आता पुढचं ऐका. तुमच्या मातीवरची फुलं सुकली नव्हती तेवढ्यात पक्षाची तीच माणसं आली. या वेळी जागा पडणारी नव्हती, तुमच्या नावावर कुणीही निवडून येईल अशी होती, म्हणून पुरुष हवा होता. सोबत भट्टीवाले. सगळ्यांनी मला मध्ये बसवलं. "बाईंचं काम तुमीच पुढं न्यायचं," एक जण म्हणाला. आणि त्याच दमात दुसरा म्हणाला, "ते केंद्राचं तेवढं आस्ते आस्ते घ्या." कुणाला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. मी नाही म्हणालो नाही. विचार करतो म्हणालो, आणि ते कसं म्हणायचं असतं ते त्यांनाही ठाऊक, मलाही ठाऊक. त्यांनी जाताना माझ्या गळ्यात हार घातला. सुतक आपण पाळत नाही, पण एवढी तरी लाज पाळायला हवी होती.

ते गेल्यावर मी आत गेलो आणि आरशासमोर टोपी घालून बघितली. जरा तिरकी केली, मग सरळ केली. मागं आमची मंडळी उभी होती. तुम्हाला माहीत आहे, ती फारसं बोलत नाही. तुमच्याशी तेवढी बोलायची. ती म्हणाली, "लोकसभेत जायचं तवा जावा. आदी ती नाली धुवून घ्या, वास मारायलाय."

मी टोपी काढली आणि बादली घेऊन मागं गेलो. पाणी ओतलं, खराटा मारला. दूध मातीत मुरलेलं, वास काही जाईना. भट्टी दुसऱ्याच दिवशी पेटली होती, पण सगळ्या बाया परत आल्या नव्हत्या. ओढ्यापलीकडची सोनाबाई तर आलीच नव्हती. तिची ती एकच म्हैस, आणि तुमच्या पहिल्या दिवसापासून आपल्याकडं दूध घालणारी ती म्हातारी. खराटा ठेवला आणि तसाच तिच्या वस्तीवर गेलो. ती शेणी थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

मी म्हणालो, "मावशे, चुकलं. बाईचा मान म्हनून बंद ठिवली हुती."

"बाईचा मान?" ती म्हणाली. "बाय असती तर तिनं कुलूप फोडलं असतं."

मी उभाच राहिलो. ती हात धुवून आली, पदराला पुसले, मला बसायला पोतं टाकलं. मग शांतपणे म्हणाली, "राग न्हाय रं मलाप्पा. एक दिस नासलं, नासलं. पन म्हशीला सांगता येतं का, आज मोठं मानूस गेलंय, उद्या दूध दे म्हनून? बाय गेली. उद्या तू बी जाशील. तुला बी मोठा मान देत्याल, कुलपं लावत्याल. तवा आमी दूध कुठं न्यायचं, तेवढं सांग."

तुम्ही विचारलं होतं तेच. तिनं तुमचं बोलणं ऐकलेलं नव्हतं, ती ते तुमच्याइतकंच ओळखून होती, एवढंच. तुम्हाला मी एका दमात उत्तर दिलं होतं. तिच्यासमोर मी पोत्याचे दोरे उसवत बसलो. तिनं दिलेला चहा पिऊन उठलो. चहा बिनदुधाचा होता. म्हैस असलेल्या घरी मी पहिल्यांदा काळा चहा प्यायलो. तो मुद्दाम दिला होता का, ते मी विचारलं नाही.

येताना सडकेच्या कडेला आपल्या जागेत थांबलो. बाभळी माजल्या आहेत. तिथं मी स्वतःसाठी माडीचं घर बांधायचं मनात धरून होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते कळलंही असेल. म्हणूनच कदाचित तुम्ही दुसऱ्यांदा मागितली नाहीत.

वहिनी, आता मी काय करतोय ते सांगतो. शाबासकीसाठी सांगत नाही, शाबासकी तुम्ही तशीही दिली नसती. उद्या मी उस्मानाबादला कलेक्टर कचेरीत जाणार आहे आणि ती जागा केंद्रासाठी देऊन येणार आहे. निवडणुकीला उभं राहणार नाही असा निरोप पक्षाला धाडला आहे. तुमच्या जागी कुणाला पाठवायचं ते लोक ठरवतील; त्या जागेची खुर्ची मला पेलणार नाही, आणि माझ्या मागं भट्टीवाले कशासाठी उभे आहेत ते मला दिसलं आहे. भट्टीवाले माझ्याशी बोलायचे बंद होतील. केंद्र आलं की आपली भट्टी कदाचित थंड पडेल. पडली तर कोनाड्यातली ती बाटली तेवढी मी घरी आणीन.

हे सगळं मी छापायला देतोय, ते एवढ्यासाठीच. एकदा छापून आलं, की मला मागं फिरता येणार नाही. माझा मला भरवसा नाही. तुम्हाला तर तो कधीच नव्हता, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुमच्याविषयी चांगलं चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्याविषयी खरं लिहिणारा दुसरा कुणी मिळणार नाही, म्हणून मीच लिहिलं.

आज सकाळी तुमच्या जागेवर बसलो. कढईतलं दूध आटायला आलं होतं. सोनाबाई कासांडी घेऊन आली, दूध ओतून बाजूला उभी राहिली. आपल्या भट्टीचा नेम मी त्या दिवशी तुमच्या उशाशी मोडला होता. तुम्ही विचारलं होतंत आणि दुसऱ्या बाजूनं काही ऐकू आलं नव्हतं, तरी तुम्हाला सोडावं लागलं. ते माझ्या मनातून जात नाही. म्हणून उलथणं हातात घेतलं आणि साऱ्या बायांदेखत मोठ्यानं म्हणालो. त्यांनी वळून पाहिलं, कुणी हसलं नाही.

धरलं, वहिनी. सोडा आता.